मुद्राराक्षसाचे रुपये

आमच्या घरात चुकांना पूर्वीपासून मोठा मान आहे. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, एकतीस वर्षे शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात प्रुफे तपासली. जुळाऱ्याने खिळे जुळवायचे, अण्णांनी त्यातल्या चुका काढायच्या, आणि दोघांच्या हातून निसटून जे कागदावर उतरेल ते मुद्राराक्षसाच्या नावावर टाकायचे, असा तिथला शिरस्ता. विशाखदत्ताच्या नाटकाचा आणि छापखान्यातल्या या राक्षसाचा तसा काही संबंध नाही. पण मराठी माणसाने दोघांची सोयरीक केव्हाच जुळवून टाकली आहे.

या राक्षसाने अण्णांना एकदाच खरा हात दाखवला. गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ वारले होते. त्यांच्या शोकसभेचे पत्रक रातोरात छापायचे होते. सकाळी ते घरोघर पोचले तेव्हा पहिल्या अक्षरावर एक मात्रा जास्त पडलेली होती, आणि समस्त पुणेकरांना ‘शौकसभे’चे अगत्याचे निमंत्रण गेले होते! मालकांनी अण्णांचा पंधरा दिवसांचा पगार कापला. ते पत्रक अण्णांनी ट्रंकेत घडी करून ठेवले आहे. ही गोष्ट आमच्याकडे पाहुण्यांना चहाबरोबर सांगायची ठरलेली गोष्ट. तिचा दुसरा भाग मात्र अण्णांनी मला, मी कॉलेजात शिकवायला लागल्यावर, एकदा फिरायला गेलो असताना सांगितला. ती जादा मात्रा त्यांना रात्रीच दिसली होती. पण यंत्र सुरू झाले होते, दीड वाजला होता, आणि ‘जाऊ दे’ असे त्यांना वाटले होते. “दिसलेल्या चुकीवर खूण केली नाही, की ती जुळाऱ्याची राहत नाही. आपली होते,” असे म्हणून त्यांनी विषय बदलला.

अशा बापाच्या पोटी जन्मलेल्या मुलाने चुका जमवाव्यात यात नवल नाही. फक्त मी जमवतो त्या चुका कागदावरच्या नव्हेत, टांकसाळीतल्या. मुद्राराक्षसाच्या नावात ‘मुद्रा’ आहे, आणि मुद्रा म्हणजे नाणेही. तेव्हा तो अधूनमधून टांकसाळीतही पाळी करत असला पाहिजे.

या नादाची सुरुवात मात्र अण्णांमुळे झाली नाही. ती झाली आमच्या सौभाग्यवतींमुळे. २००५ सालची गोष्ट. लग्न ठरले होते. मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो, तेव्हा खिशात मोबाइल असण्याचा प्रश्नच नव्हता. कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर एक रुपयाचा फोन होता. त्याची रीत अशी, की पलीकडच्याने ‘हॅलो’ म्हटले की आपण रुपया टाकायचा. रुपया आत पडेपर्यंत आपले बोलणे त्याला ऐकू जायचे नाही. मी नंबर फिरवला, पलीकडून मंजुळ ‘हॅलो’ आले, मी रुपया टाकला, आणि तो खण्णकन खाली परत आला. पुन्हा टाकला, पुन्हा आला. तोपर्यंत ‘हॅलो’चा आवाज भावी सासऱ्यांचा झाला होता. “कोण चावट आहे रे?” एवढे त्यांचे शब्द मी निमूटपणे ऐकून घेतले. खिशात दुसरा रुपया नव्हता.

घरी येऊन दिव्याखाली त्या अपशकुनी रुपयाकडे पाहिले, तर त्याच्या काठाचा चंद्रकोरीएवढा तुकडाच नव्हता. कोणी बिस्किटाचा घास घ्यावा तसा. कोणी कापला म्हणावे, तर कापल्याची खूण नाही. कड अगदी गुळगुळीत. हा रुपया असा जन्मालाच आला होता. मी तो पाकिटात ठेवला. लग्नानंतर सौ.ला दाखवला तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे बाबांनी शिव्या दिल्या त्या तुम्हाला होय!”

पुढची दहा-बारा वर्षे मी दिसेल ती चूक उचलत गेलो. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात गोधडीवर नाणी पसरून बसणारे लोक असतात. त्यांच्यासमोर उकिडवे बसून मी गुडघे दुखवून घेतले. पाच पैशाचे वाकडे छापलेले नाणे, कुठे दुहेरी उमटलेली पावली, कुठे अर्धवट दहा पैसे, असा ऐवज श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात साठत गेला. डबा हलवला की छान वाजे. त्याच्याकडून यापेक्षा जास्त काही मिळत नसे. एका दिवाळीच्या आवराआवरीत सौ.ने तो माळ्यावरून काढला आणि विचारले, “हे नक्की काय आहे?” मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि माझ्या लक्षात आले, की मला उत्तर माहीत नाही.

अण्णा पलीकडे बसले होते. ते म्हणाले, “शुद्धिपत्राला सुद्धा पृष्ठक्रम असतो रे.”

झाले. मी डबा पालथा केला आणि ठरवले, की एकच नाणे घ्यायचे. तो माझा फोनवाला रुपया. १९९२ पासून २००४ पर्यंतची साले ज्याच्यावर सापडतात तो पोलादी रुपया: पंचवीस मिलिमीटर व्यास, चार ग्रॅम पंच्याऐंशी सेंटिग्रॅम वजन; एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला एकाचा आकडा आणि धान्याच्या लोंब्या. तो निघाला तेव्हा मी शाळेत होतो. हयातभर त्याच्याइतके दुसरे कोणतेच नाणे माझ्या हातून गेलेले नाही. आणि या एकाच रुपयाच्या चुका जमवायच्या. त्याही हव्या तशा नव्हेत, तर टांकसाळीतल्या त्याच्या वाटचालीच्या क्रमाने. पोलादाच्या पट्टीपासून थैलीपर्यंत रुपया जिथे जिथे ठेचकाळू शकतो, तिथली एकेक ठेच. वहीचे एक पान, त्याला नऊ कप्पे.

सूत्र ठरल्याचा पहिला फायदा असा, की माणूस ‘नको’ म्हणायला शिकतो. प्रदर्शनात एकाने मला पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया दाखवला. राजाच्या झग्यावरच्या पदकमाळेत एक हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड उतरली, की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान समाजात संताप उसळला, सरकारला ते रुपये मागे घ्यावे लागले, आणि १९१२ च्या रुपयावर हत्ती ठसठशीत सोंड घेऊन अवतरला. गोष्ट बहारीची, नाणेही देखणे. पण ती चूक कलाकाराची, टांकसाळीची नव्हे; आणि रुपया माझा नव्हे. मी हात जोडले आणि पुढे गेलो. सौ.ला हे सांगितल्यावर तिने प्रथमच या छंदाविषयी समाधान व्यक्त केले.

दुसरा फायदा त्याहून मोठा. चांगल्या नाण्याकडे पाहून ते कसे घडले हे कधीच कळत नाही. ते आपला पूर्वेतिहास पोटात घालून गुळगुळीत चेहऱ्याने समोर येते. फसलेले नाणे मात्र सगळे सांगून टाकते.

माझा चावलेला रुपयाच घ्या. पोलादाच्या लांब पट्टीतून गोल चकत्या छिनून काढतात. पट्टी पुढे सरकायला किंचित चुकली, की पुढची चकती आधीच पडलेल्या भोकावर चढते आणि तिच्या काठाला चंद्रकोर पडते. हे मला ठाऊक होते. मला ठाऊक नव्हते ते जुन्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शिकवले. त्यांनी माझा रुपया घेतला, चावा होता तिकडे पाहिलेच नाही. त्याच्या बरोबर समोरचा काठ पाहिला. तिथला काठ दबलेला, पुसट होता. ते म्हणाले, “खरा आहे.” ठसा मारण्यापूर्वी चकतीला दोन्हीकडून दाबून तिचा काठ उभारतात. एका बाजूला धातूच नसेल तर त्या बाजूला दाब बसत नाही, आणि मग समोरच्या बाजूलाही काठ उठत नाही. घरी कानसीने कापलेल्या नाण्याचा समोरचा काठ शाबूत असतो. जाणकार लोक याला ब्लेक्स्ली परिणाम म्हणतात. एका ठिकाणची उणीव अगदी समोर, दुसऱ्या टोकाला दिसावी, हे मला इतके आवडले की पुढचे दोन आठवडे मी वर्गात अलंकार शिकवताना त्याचा दाखला देत होतो. मुलांना काही बोध झाला नाही.

तेव्हा पहिल्या कप्प्यात काठ न उभारलेली कोरी चकती, दुसऱ्यात हा चावलेला रुपया, तिसऱ्यात काठ उभारलेली पण ठशाखाली न गेलेली चकती. (कोऱ्या चकत्यांकडे पाहून आमची कन्या म्हणाली, “बाबा, हे नट-बोल्टाच्या दुकानात किलोवर मिळेल.” तिचे म्हणणे मी पूर्णपणे खोडून काढू शकत नाही.)

चौथ्या कप्प्यापासून ठशाचे राज्य सुरू होते. खाली एक ठसा, वर एक ठसा, आणि भोवती पोलादी कडे. चकती कड्यात नीट बसली नाही, की छाप एकीकडे सरकतो. माझ्या रुपयावर सिंह काठावरून खाली पडायच्या बेतात उभे आहेत आणि उरलेला भाग अमावास्येसारखा कोरा आहे. साल आणि त्याखालची टांकसाळीची खूण दिसत असली तर अशा नाण्याचा भाव वाढतो. मुंबईची खूण चौकट, हैदराबादची तारा, नोइडाची ठिपका. आणि कोलकात्याची खूण म्हणजे काहीच खूण नसणे. ‘खूण नसणे हीच खूण’ हे वाक्य आमच्या मराठी विभागात फार दिवस गाजले. पाचवा रुपया भोवतीचे कडे नसताना छापला गेलेला. त्यामुळे पापडासारखा चारी बाजूंनी पसरलेला. सहावा ठशाखालून वेळेवर बाहेर न पडल्याने दोनदा मार खाल्लेला. सातव्यावर सिंहाच्या गळ्यापासून काठापर्यंत एक उंच रेघ आहे. ती नाण्याला गेलेली चीर नव्हे, ठशाला गेलेली. ठसा जिथे भेगाळतो तिथे धातू आत शिरतो आणि नाण्यावर रेघ उभी राहते. म्हणजे मोडला तो, आणि उमटले याच्या अंगावर. आठव्यात ठसा आपल्या खोबणीत फिरलेला. आपला रुपया डावीकडून उजवीकडे पालटला तर मागची बाजूही सरळ दिसायला हवी. माझ्या या रुपयावर मागचा एक आडवा झोपलेला आहे.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. हा सगळा चुकांचा बाजार यंत्राने मांडलेला आहे. अण्णांकडे त्यांच्या आजोबांची एक शिवराई आहे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात असे आपण म्हणतो. पण हातात असलेल्या शिवराईवर ती सगळी क्वचितच सापडतात. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान, वरून हातोड्याचा घाव; जेवढी अक्षरे तुकड्यावर बसतील तेवढी बसली. छाप सरकलेला, दोनदा पडलेला, अक्षरांची वळणे हरतऱ्हेची. टांकसाळीचे आजचे नियम लावले तर शिवराई म्हणून जे जे सापडते ते बहुतेक माझ्या वहीत यायला हवे. पण तेव्हा त्याला कोणी चूक म्हटले नाही. तांबे तांबे होते आणि नाव राजाचे होते. मुंबईच्या फोर्टातली टांकसाळ १८२९ साली बांधून पुरी झाली, वाफेची यंत्रे एकासारखे एक नाणे पाडू लागली, आणि मग जे एकासारखे नाही ते चुकले असे ठरले. मराठी शुद्धलेखनाचा इतिहास मला पुष्कळदा याच वळणाचा वाटतो. पण तो विषय काढला की आमच्या विभागात भांडणे होतात.

आठ कप्पे भरायला मला सहा वर्षे लागली. त्यात एकदा मार खाल्ला तो सांगतो. ‘शोले’तल्या जयसारखा दोन्हीकडे सिंह असलेला रुपया मला एका गृहस्थांनी सातशे रुपयांना विकला. मी काही विचारले नाही, त्यांनी काही सांगितले नाही. आमच्या नेहमीच्या सोनारांनी भिंग लावून काठाच्या आत सुईने कोरल्यासारखी एक बारीक गोल रेघ दाखवली. एक रुपया आतून पोखरून त्यात दुसऱ्याचा अर्धा भाग बसवलेला! जादूगाराचे नाणे. म्हणजे माझी चूकसुद्धा खोटी निघाली. मी परत गेलो तर ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, “घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवावेत, सर.” त्या वाक्यासाठी मी त्यांना मनातल्या मनात वर्षभर शिव्या दिल्या.

उरला नववा कप्पा. त्यातल्या चुकीला इंग्रजीत ब्रॉकेज म्हणतात. मराठी नाव मी अजून शोधतो आहे. छापलेले नाणे कधी कधी ठशालाच चिकटून बसते. खाली नवी चकती येते. तिच्या एका अंगावर खरा ठसा पडतो. दुसऱ्या अंगावर ठशाऐवजी ते चिकटलेले नाणे आपटते. परिणाम असा, की एका बाजूला सिंह नेहमीसारखे वर उठलेले, आणि दुसऱ्या बाजूला तेच सिंह उलटे, खोल रुतलेले. चिमट्यात दोन नाणी आवळून असे नाणे घरी करतात. पण त्यात त्या बाजूची मूळ अक्षरे दाबली गेली तरी कुठेतरी उरतातच. खऱ्या ब्रॉकेजमध्ये ती नसतातच, कारण ती कधी उमटलेलीच नसतात. माझ्या रुपयाचे असे नाणे मी एकदाच, प्रदर्शनात काचेखाली पाहिले. भाव चार हजार. मी सौ.कडे पाहिले. ती शेजारच्या टपाल तिकिटांकडे पाहत होती.

दर गुरुवारी दत्ताच्या देवळाबाहेरून हार आणायचे काम माझे आहे. तिथे ज्या मावशी बसतात, त्यांच्याकडून गेली सात-आठ वर्षे तरी आम्ही हार घेतो. गेल्या माघातली गोष्ट. मावशी सुट्टे पैसे शोधताना डब्यातून एक रुपया बाजूला टाकत म्हणाल्या, “हा मेला कुणी घेईना. देवळातले गुरुजीसुद्धा घेईनात. एक लिहिलेलाच नाही याच्यावर.”

मी तो उचलला. एका बाजूला सिंह. दुसऱ्या बाजूला सिंहांचा खड्डा. ‘भारत’ उलटे. ‘सत्यमेव जयते’ उलटे. साल नाही, किंमत नाही.

माझ्या छातीत इतके धडधडले की मला वाटले मावशींना ऐकू जाईल. मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणालो, “मला द्या मावशी, मुलीला दाखवतो.” आणि खिशातले दहाचे नाणे त्यांच्या हातावर ठेवले. “अहो दादा, एकच आहे तो!” “राहू द्या,” मी म्हणालो. मावशींनी वर एक जास्वंद दिली.

घरी आलो तो जवळजवळ पळतच. अण्णांचे डोळे आता गेल्यासारखेच आहेत. पडदा खराब झाला आहे, समोरचे माणूस आवाजावरून ओळखतात. मी नाणे त्यांच्या हातात दिले. त्यांनी आंगठ्याने उठावाची बाजू चाचपली, पालटले, आणि आंगठा त्या खड्ड्यांवरून हळूहळू फिरवू लागले. एकतीस वर्षे उलटे खिळे वाचलेला माणूस तो. ओठ हलू लागले. “भा... र... त.” मग थांबून म्हणाले, “अरे, हे नाणं नाही. हा ठसा आहे.” आणि खरेच, नाण्याचा ठसा असाच असतो, उलटा आणि खोल. अण्णा हसले. शेवटचे मनापासून केव्हा हसले होते ते आठवेना. पंधरा मिनिटे त्यांनी ते नाणे हातातून सोडले नाही.

सौ. पलीकडे घेवड्याच्या शेंगा मोडत बसली होती. “कितीला मिळालं?”

“दहा रुपयांना!”

“आणि प्रदर्शनात किती म्हणाला होता?”

“चार हजार.”

तिने दोन-तीन शेंगा मोडल्या. “मावशींना सांगितलंत?”

“अगं, एका रुपयाचे दहा दिले मी त्यांना.”

“म्हणजे खूपच दिलेत,” ती म्हणाली, आणि शेंगांचे ताट घेऊन आत गेली.

मी नाणे नवव्या कप्प्यात घातले. पान पुरे झाले. आठवडाभर मी ते पान उघडून पाहत होतो आणि प्रत्येक वेळी माझे मन एकेक वकील उभा करत होते. कळते त्याचे नाणे. मावशींना ते दुसऱ्या कोणाकडे विकताच आले नसते. सहा वर्षांच्या अभ्यासाचे मोल काहीच नाही का? वकील चांगले होते. पण त्यांच्यातल्या प्रत्येकाचा आवाज शेवटी त्या जादूचा रुपया विकणाऱ्या गृहस्थांसारखा येऊ लागे: घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, तसे देणाऱ्यानेही! अण्णा काही बोलले नाहीत. त्यांना भाव माहीतच नव्हता, सौ.चे आणि माझे बोलणे झाले तेव्हा ते नाण्यात होते. पण त्यांच्या ट्रंकेजवळून जाताना मला ते पत्रक आठवत होते.

पुढच्या गुरुवारी मी नाणे घेऊन गेलो आणि सगळे सांगून टाकले. हे चुकीने छापलेले आहे, शौकीन लोक विकत घेतात, दुकानदार चार हजार सांगतो, मला दोन द्यायला जमतील. मावशींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मला वाटले होते, त्यांना आनंद होईल. त्यांच्या चेहऱ्यावर संशय उभा राहिला, आणि त्यात त्यांची काय चूक होती? मागच्या आठवड्यात ‘मुलीला दाखवतो’ म्हणून दहा रुपयांत नेणारा माणूस आज आपण होऊन दोन हजार देतो, म्हणजे नाणे दोन लाखांचे असले पाहिजे.

“माझ्या बहिणीच्या पोराला दाखवते आधी,” त्या म्हणाल्या. नाणे घेतले, डब्यातून दहा रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले. “हे तुमचे.”

बहिणीच्या पोराने नाण्याचा फोटो मोबाइलवर टाकला. दुसऱ्या दिवशी एका भल्या माणसाचा फोन आला: नाणे पंधरा लाखांना घेतो, फक्त नोंदणीचे साडेसातशे आधी पाठवा. पोराने मावशींकडून घेऊन पाठवले. मग फोन आला, कराचे साडेचार हजार पाठवा. मी तिसऱ्या गुरुवारी गेलो तेव्हा मावशी त्या साडेचार हजारांच्या विवंचनेत होत्या. मी तिथेच फूटपाथवर बसलो आणि पोराला बोलावून घेतले. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीसाठी आमच्या नावाने शुल्क मागणाऱ्यांच्या नादी लागू नका, असा इशारा रिझर्व बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्येच दिला होता. तो मी त्याला त्याच्याच मोबाइलवर काढून वाचून दाखवला. साडेचार हजार वाचले. साडेसातशे गेले ते गेलेच. मी कबूल करतो, मी तोंड उघडले नसते तर तेही गेले नसते.

मी ते भरून द्यायची तयारी दाखवली. मावशी म्हणाल्या, “तुम्ही कशाला? तुम्ही का मागितले होते?” मग मी पुन्हा दोन हजारांची गोष्ट काढली. अडीच म्हटले. तीनपर्यंत गेलो.

“नको दादा,” त्या म्हणाल्या. “साडेसातशे घातलेत मी त्याच्यात. आता राहू दे माझ्याकडंच.”

नाणे आता त्यांच्या गल्ल्याच्या झाकणाला आतून, लक्ष्मीच्या चित्राशेजारी, चिकटपट्टीने लावलेले आहे. खड्ड्याची बाजू वर. चिकटपट्टीने नाण्याचा भाव उतरतो, हे सांगायचे मी टाळले. दर गुरुवारी सुट्टे काढताना झाकण उघडते आणि मला त्याचे दर्शन होते.

श्रावणात मी कन्येला बरोबर नेले. मावशींच्या परवानगीने पट्टी काढून तिने नाण्यावर पातळ कागद धरला आणि शिसपेन्सिल घासली. काळ्या वर्तुळात पांढरे, उलटे सिंह उमटले. मोबदला म्हणून मावशींनी मोठा हार घ्यायला लावला, साठ रुपयांचा.

तो कागद मी नवव्या कप्प्यात घातला. अण्णांना सगळी हकिकत सांगितली, भावासकट. ऐकून घेतल्यावर त्यांनी कागद मागितला. त्यावर बोटांना काहीच लागत नव्हते. ‘भारत कुठं आहे?’ म्हणून विचारून घेतले, बोट तिथे ठेवायला लावले. मग लाल पेन्सिल मागितली, आणि समासात, अंदाजाने, पण वळण न चुकता, उलट्या खिळ्यासाठी करायची खूण केली.